लेकराच्या गळ्यातील माळ

लेकराच्या गळ्यात तुळशीची माळ कोणी घालावी? आईबापांनी हौसेने घालावी, की लेकराने जाणते झाल्यावर आपण होऊन मागून घ्यावी? प्रश्न लहान दिसतो, पण लहान नाही. आपल्या संप्रदायात माळ हा दागिना नाही, ते व्रत आहे. मद्यमांस वर्ज्य, एकादशी, नित्य हरिपाठ, पंढरीची वारी, परस्त्री मातेसमान, परधन विषासमान, इतके सारे त्या मण्यांत ओवलेले आहे. ज्याला व्रत म्हणजे काय हेच उमगलेले नाही, त्याच्या गळ्यात ते बांधता येते काय? आणि बांधले नाही, तर घराची रीत पुढे चालावी कशी?

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेस, पैनगंगेच्या अलीकडे हिमायतनगर आहे. जुन्या माणसांच्या तोंडी त्याचे नाव अजून वाढोणा. तेथल्या श्रीपरमेश्वराची यात्रा महाशिवरात्रीला भरते, आणि आसपासच्या गावोगावी हरिनाम सप्ताह चालतात. अशा सप्ताहात काल्याच्या दिवशी एखादा बाप आठ-दहा वर्षांच्या पोराला पुढे करतो आणि म्हणतो, “महाराज, याच्या गळ्यात माळ घाला. पोरगं जरा वळणावर येईल.” बापाची तळमळ खरी असते. पोर शाळेतून आले की मोबाईल घेऊन बसते, सांगितलेले ऐकत नाही, उद्या कुणाच्या संगतीला लागेल याची त्याला धास्ती आहे. पण “माळ घातली म्हणजे वळणावर येईल” हा हिशेब संतांच्या चरित्रात कुठे जुळतो का, तो पाहिला पाहिजे.

आधी आपल्या मुळाशीच जाऊ. पांडुरंग विटेवर उभा राहिला तो पुंडलिकासाठी. ही कथा आपण नेहमी लेकरांना सांगतो, “बघ, आईबापांची सेवा अशी करावी.” तीच कथा एकदा आईबापांनी स्वतःसाठी ऐकावी. पुंडलिक आरंभी मातृपितृभक्त नव्हता. काशीच्या वाटेवर म्हातारे आईबाप पायी चालत होते, आणि हा बायकोला घेऊन घोड्यावर होता, असे कथा सांगते. आईबापांनी त्याला उपदेश केला नसेल का? केलाच असेल. त्याचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो कुक्कुट ऋषींच्या आश्रमात. काशीची वाटही ज्याला ठाऊक नाही असा एक माणूस आईबापांच्या सेवेत रमलेला त्याने डोळ्यांनी पाहिला. मळलेल्या वस्त्रांनी आलेल्या गंगा, यमुना, सरस्वती तेथे सेवा करून उजळून परत जाताना पाहिल्या. तेव्हा तो पालटला. जे शंभरदा सांगून झाले नाही, ते एकदा दिसल्याने झाले. माउलीहो, मनुष्य कानाने शिकतो त्याच्या दसपट डोळ्याने शिकतो. आणि लेकराला तर घरात पाहण्यावाचून दुसरा उद्योगच नसतो.

मग कुणी विचारील, “घरात चांगलेच दिसत असले, तरी लेकरू उलट गेले तर?” याचे उत्तर आपल्या मराठवाड्यातच, पैठणला आहे. नाथमहाराजांच्या घरात काय कमी होते? अन्नदान होते, कीर्तन होते. गोदावरीच्या तापल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्य मानलेल्या घरचे लेकरू कडेवर घेणारे हे नाथ. तरीही त्यांचाच मुलगा हरिपंडित बापाच्या विरुद्ध उभा राहिला. तो मोठा शास्त्री. बाप प्राकृतात पुराण सांगतो, वाटेल त्याच्या घरी जेवतो, हे त्याला सोसेना. तो घर सोडून काशीला गेला. याच काशीत १५७३ साली नाथांचे प्राकृत भागवत पूर्ण झाले होते, हे ध्यानात घ्यावे.

नाथांनी काय केले? महिपतींनी ही कथा सांगितली आहे. बाप स्वतः काशीला गेला. मुलाने दोन अटी घातल्या: परान्न घ्यायचे नाही आणि प्राकृत पुराण सांगायचे नाही. नाथांनी त्या मान्य केल्या आणि मुलाला घरी आणले. ज्या वाणीने सारे गाव जोडले होते ती वाणी बापाने मुलाच्या शब्दाखातर बंद ठेवली. व्यासपीठावर मुलगा बसू लागला, श्रोते कमी होऊ लागले, तरी नाथांनी “बघ, मी म्हणत नव्हतो?” असे म्हटल्याचे कथेत नाही. पुढे एका गरीब बाईचा सहस्रभोजनाचा संकल्प होता, ऐपत नव्हती. नाथ तिच्या घरी एकटे जेवले. स्वयंपाक हरिपंडितानेच केला, म्हणून अटही जपली गेली. जेवण होऊन तो पत्रावळ उचलू लागला, तो खाली दुसरी. ती उचलली, तो तिसरी. अशा हजार झाल्या. हरिपंडिताचा अभिमान तेथे गळाला.

चमत्कार ज्याला जसा घ्यायचा तसा त्याने घ्यावा. मला त्यात बापाची वागणूक मोठी वाटते. नाथांनी मुलाला जवळ आणले, दिलेला शब्द पाळला, वाद जिंकण्याची घाई केली नाही, आणि मुलाच्या हातून काम करवून त्यालाच पाहू दिले. आपल्या घरात पोराने एक उलट शब्द काढला, तर “या घरात राहायचं तर माझ्या रीतीनं राहायचं” हे वाक्य ओठावर तयार असते. नाथांच्या घरात ते वाक्य नव्हते. म्हणून गेलेला मुलगा परत येऊ शकला.

दुसरी गोष्ट लेकराच्या बोलण्याची. आपण म्हणतो, “मोठ्यांच्या मधे बोलू नये.” वागण्याची रीत म्हणून ते ठीक आहे. परंतु ज्ञानोबारायांनी उद्वेगाने ताटी लावून घेतली, तेव्हा ती उघडायला लावली कोणी? मुक्ताईने. चौघा भावंडांत ती सगळ्यात धाकटी. ज्या लेकरांचे आईबाप समाजाने हिरावून नेले, त्यांच्या घरात थोरला निवृत्ती हा गुरू होता आणि धाकटी बहीणही भावाला समजावू शकत होती. मंगळवेढ्याच्या चोखोबांच्या घरी पाहा. चोखोबा, सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांचे अभंग आपल्याकडे आहेत. कर्ममेळ्याने तर देवालाच जाब विचारला: आम्हाला असे हीन का लेखलेस? बाप विठ्ठलाचा एवढा भक्त, आणि मुलगा विठ्ठलाशी भांडतो! त्याचे ते भांडण आपल्या परंपरेने पुसून टाकले नाही. गाथेत जपून ठेवले. देवाला प्रश्न विचारलेला ज्या संप्रदायात चालतो, त्या संप्रदायातल्या बापाला पोराचा प्रश्न का चालू नये?

आणि मुक्ताईचे नाव घेतले म्हणून आणखी एक सांगतो. पुष्कळ माळकरी घरांत मुलगा मृदंग शिकायला जातो आणि मुलगी भांडी घासायला बसते. मुलाचा हरिपाठ पाठ असावा, मुलीचे लग्न लवकर व्हावे, एवढीच आस. एका घरात दोन रीती दिसल्या, की लेकरू त्यातून तिसरीच रीत शिकते: घराची तत्त्वे सोयीप्रमाणे वाकवता येतात. गंगाखेडची जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळणकांडण करीत राहिली. पण त्या घरात जात्यावरचे अभंग आणि देवळातले अभंग यांत लहानमोठे केले नाही. कामाने जनी दासी होती, भक्तीच्या पंगतीत मात्र ती सगळ्यांच्या बरोबरीने बसली.

आता आपल्या शिवाराकडे येऊ. हिमायतनगराच्या बाजूला कापूस आणि सोयाबीन ही हातातली पिके. कापूस घरात आला, भाव पडला, देणे अंगावर आहे. अशा वेळी कुणी कुणी विकायला नेण्याच्या आदल्या रात्री ढिगावर पाणी मारतो. सकाळी काट्यावर वजन वाढते. ती बादली आणून देणारे पोर घरचेच असते. संध्याकाळी त्याच पोराला बापाने हरिपाठाला बसवले होते, गळ्यात त्याच्या माळ आहे. ते काही बोलत नाही, पण त्याचा धडा पक्का झालेला असतो: हरिपाठ संध्याकाळचा आणि व्यवहार सकाळचा, दोन्हींचा संबंध नाही.

“महाराज, व्यापारी आम्हाला काट्यात मारतो, मग आम्ही मारलं तर काय झालं?” हा सवाल खोटा नाही. शेतकऱ्याची अडचण ज्याला ठाऊक आहे तो त्याला हसणार नाही. व्यापाऱ्याच्या काट्याशी भांडावे, दहाजण मिळून भांडावे. तेही पोराने पाहावे. पण आपला कापूस कोरडाच न्यावा. आणि घरी आल्यावर पोराला जवळ बसवून सांगावे, “आज आपले इतके रुपये कमी आले. का कमी आले, ते तुला सांगतो.” बाळांनो, घराचे तत्त्व लेकराला कळते ते अशाच दिवशी, ज्या दिवशी त्याची किंमत मोजावी लागते. फुकटातले तत्त्व कुणाच्याही तोंडी असते. नुसते वागून भागत नाही. का वागलो हे सांगावेही लागते. आणि नुसते सांगून तर मुळीच भागत नाही.

काही जण म्हणतात, “आम्हाला वेळ नाही; उन्हाळ्यात संस्कार शिबिराला पाठवतो, नाहीतर आळंदीला ठेवतो.” शिबिरे चांगली आहेत. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तिने संप्रदायाला केवढा आधार दिला! पण ती ज्ञानाची शाळा आहे. घराची उणीव भरून काढण्याची जागा नव्हे. पंधरा दिवस शिबिरात शिकलेले पोर उरलेले साडेअकरा महिने तुमच्या ओसरीवर असते. तुम्ही हरिपाठात मोबाईल पाहता की नाही, घरच्या बाईशी कसे बोलता, दारी आलेल्याला पाणी कुठल्या भांड्यातून देता, हे ते पाहत असते.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय? माळ घालूच नये का? घालावी, जरूर घालावी. पण समजून घालावी. लहान लेकराच्या गळ्यात घातलेली माळ त्याच्या गळ्यात असली, तरी ते व्रत आईबापांचे असते. ती घालताना बापाने महाराजांपुढे पोराचा हात धरून स्वतःच्या मनाशी म्हणावे, “याच्या देखत मी परधनाला शिवणार नाही, बाटलीला शिवणार नाही, याच्या आईला टाकून बोलणार नाही.” आणि लेकरू सोळा-अठरा वर्षांचे झाले, की एकदा त्याला मोकळेपणी विचारावे, “ही माळ आम्ही घातली होती. आता तू तुझ्या मनाने ठेवणार का?” त्या दिवशी तो “हो” म्हणाला, तर ती माळ खरी त्याची झाली. “आत्ता नाही” म्हणाला, तर नाथांना आठवावे, आणि दार उघडे ठेवावे.

अशा वेळी धीर सुटू लागला, तर देहूकडे पाहावे. तुकोबाराय १६५० साली वैकुंठाला गेले, तेव्हा धाकटे नारायणबाबा आईच्या पोटात होते. बापाचे तोंड त्यांनी पाहिले नाही, बापाचा एक शब्दही ऐकला नाही. त्यांना वाढवले जिजाईने. लोकांनी तिला कजाग म्हणून रंगवले. पण भुकेल्या संसारात लेकरे वाढवणारी तीच. त्याच नारायणबाबांनी १६८५ साली ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, आणि आज लक्षावधी पाय त्या वाटेने चालतात. न पाहिलेल्या बापाचे व्रत मुलाने आपले केले. त्याच्या गळ्यात ते कुणी बांधले नव्हते. घरात ते जिवंत होते, एवढेच.

रामकृष्ण हरी.