दुसऱ्याने सोडलेला मुका जीव

एखाद्याने हौसेने आणलेला प्राणी पुढे त्यालाच नकोसा झाला, तर तो आपल्या घरी घेणे ही दया आहे, की दुसऱ्याच्या बेजबाबदारपणाला लावलेला हातभार? प्रश्न लहान वाटतो. परंतु दया आणि न्याय यांचा मेळ कसा घालावा, हा जुना प्रश्न त्यात दडलेला आहे. म्हैसूरसारख्या वाढत्या शहरात तो पाळीव सशाच्या निमित्ताने उभा राहतो.

मुलाचा वाढदिवस असतो, किंवा ईस्टरचा सण जवळ आलेला असतो. (ईस्टरशी सशाचा संबंध शास्त्रातून आलेला नाही; तो जर्मनीकडील लोकरूढीतून आला आहे.) दुकानातील पिंजऱ्यात पांढरी शुभ्र पिल्ले दिसतात. ससा आवाज करीत नाही, चावत नाही, जागा थोडी लागते, अशी समजूत असते. वास्तविक ससा सांभाळणे सोपे नाही. नीट निगा राखल्यास तो आठ ते बारा वर्षे जगतो. म्हणजे तिसरीतल्या मुलासाठी आणलेला ससा ते मूल महाविद्यालयात जाईपर्यंत घरात असू शकतो. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजावेत म्हणून त्याला हरळी व वाळलेले गवत सतत चघळावे लागते. गाजर हा त्याचा आहार नसून खाऊ आहे. त्याने खाणे सोडले, तर एका दिवसात त्याचा जीव धोक्यात येतो. आणि निसर्गतः भक्ष्य असलेला हा प्राणी आपले दुखणे शेवटपर्यंत लपवतो. त्याचा कणा इतका नाजूक असतो की, मुलाच्या हातातून सुटण्यासाठी मारलेल्या लाथेनेही तो मोडू शकतो. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तेथील हवा सौम्य मानली जाते. तरी एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास जातो, आणि ३० अंशांच्या पुढे सशाला उष्मा बाधू लागतो.

हे सारे दुकानात कोणी सांगत नाही. काही महिन्यांत पिंजऱ्याला वास येऊ लागतो, मुलाचे मन दुसरीकडे वळते, घरमालक तक्रार करतो. असा मालक सशासाठी अयोग्य ठरतो खरा. पण तो बहुधा क्रूर नसतो, अजाण असतो.

अशा वेळी सर्वांत सोपा वाटणारा मार्ग सर्वांत वाईट असतो. चामुंडी टेकडीच्या पायथ्याशी ससा सोडून दिला की तो आपल्या रानात परत गेला, असे मनाला समजावता येते. पण ते त्याचे रान नव्हेच. पाळीव ससा हा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील कुळातला. आपल्या माळावरचा रानससा निराळ्या जातीचा. (लेवीय ११:६ मध्ये ज्याचा उल्लेख आहे, तोही रानससाच.) पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेला जीव कुत्र्यांपुढे आणि घारींपुढे फार काळ टिकत नाही. उपासमारीने वा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला सबळ कारणाविना टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यान्वये अपराध आहे. तेव्हा कोणीतरी त्याला घेतले पाहिजे. कोणी, आणि कोणत्या वृत्तीने?

अनुवाद २२:१-३ येथे भटकलेल्या बैलाविषयी व मेंढराविषयी आज्ञा आहे. तो जीव दिसला असता तोंड लपवू नये. मालक दूर असेल किंवा ओळखीचा नसेल, तर त्याला आपल्या घरी आणून ठेवावे, असा तिचा आशय आहे. तेथील मालक आपले जनावर शोधीत असतो. येथे मालक स्वतःच ते देऊ पाहतो. हा भेद मोठा आहे. तथापि आज्ञेतील ‘घरी आणणे’ यासाठी मूळ इब्री भाषेत जे क्रियापद आहे, तेच स्तोत्र २७:१० मध्येही येते. तेथे आईबापांनी टाकलेल्या माणसाला परमेश्वर जवळ घेतो. हरवलेल्याला घरात घेणे आणि टाकलेल्याला जवळ घेणे या दोन्हींसाठी शास्त्राला एकच शब्द पुरला. दोन्ही ठिकाणी पहिली गोष्ट घडते ती आश्रयाची. टाकणाऱ्याचा झाडा त्याआधी घेतला जात नाही.

यावर आक्षेप असा की, अशाने लोकांना सोडून देण्याची सवय लागेल. आक्षेप पोकळ नाही. पण दाराशी आलेल्या माणसाची आपण निर्भर्त्सना केली, तर तो सुधारत नाही. पुढच्या वेळी तो दाराशी येत नाही, एवढेच. त्याचा ससा मग अंधारात रस्त्यावर सोडला जातो, किंवा लाजेखातर घरातच कुजत ठेवला जातो. आपल्याकडून हे होत नाही, असे कबूल करून जो प्राणी दुसऱ्याच्या हाती देतो, त्याने निदान त्या प्राण्याचे हित आपल्या अभिमानापेक्षा मोठे मानले आहे. त्याला दोष देण्याऐवजी सत्य सांगावे: ससा का आजारी पडला, त्याला काय हवे होते, आणि दुसरा विकत आणण्यापूर्वी कशाचा विचार करावा. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ मध्ये स्वतंत्र नियम झाले आहेत. ते पाळले जातात की नाही, हे पाहणे ग्राहकाच्याही हाती आहे. न्यायाची जागा येथे आहे. आश्रय देताना ती त्या मुक्या जिवाच्या आड येऊ नये.

परंतु दयेलाही मोजमाप हवे. लंडनमध्ये १८२४ साली प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी जी संस्था निघाली, तिच्या स्थापनेत पाळक आर्थर ब्रूम अग्रभागी होते. संस्थेच्या कर्जापायी १८२६ मध्ये त्यांनाच तुरुंगात जावे लागले. त्यांचे कार्य पुढे टिकले, ही देवाची कृपा. तरी बुरूज बांधण्याआधी खर्चाचा हिशेब करावा (लूक १४:२८), हा प्रभूचा दृष्टांत दयेच्या कामालाही लागू आहे. सशाची मादी सुमारे ३१ दिवसांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. नर व मादी वेगळे न ठेवता, नसबंदी न करता, येईल तो ससा घेत गेलेले दयाळू घर वर्षभरात गर्दीने व रोगाने भरून जाते. मग तारणाराच अयोग्य मालक होतो.

म्हणून कधीकधी ‘माझ्याकडे जागा नाही’ असे म्हणणे हेही प्रामाणिकपणाचे असते; मात्र तेवढे बोलून दार लावू नये. योग्य घर शोधून देणे, पशुवैद्याचा खर्च उचलणे, गवत पुरवणे, हेही आश्रय देणेच होय. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात दत्तक योजना आहे: नागरिक प्राणी घरी नेत नाहीत, त्याच्या पालनाचा भार वाहतात. हाच मार्ग लहान प्रमाणावर कोणत्याही मंडळीला, कोणत्याही गल्लीला चोखाळता येईल.

नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाकडे लक्ष देतो, अशा अर्थाचे वचन नीतिसूत्रे १२:१० मध्ये आहे. तेथील इब्री क्रियापदाचा मूळ अर्थ ‘जाणणे’ असा आहे. नीतिमत्त्वाची खूण म्हणून तेथे कळवळा नव्हे, तर जाण सांगितली आहे. ज्याने ससा सोडला, त्याच्यापाशी कदाचित कळवळा होता, जाण नव्हती. ज्याला तो घ्यायचा आहे, त्याने आधी त्याचे गवत, त्याचे दात, त्याचे भय आणि आपल्या घरातील जागा जाणून घ्यावी. मग दार उघडावे, आणि उघडल्यावर त्याची आठ-दहा वर्षे आपली मानावीत.