तोफ आणि उंबरठा

तोफखान्याचे बळ अंतरात असते. गोलंदाजाला त्याचे लक्ष्य सहसा दिसत नाही. पुढे बसलेला निरीक्षक जे आकडे कळवतो, त्यांवर तो गोळा टाकतो. उघड युद्धात यात वावगे काही नाही. १९९९ साली कारगिलमध्ये आपल्या तोफखान्याने सुमारे अडीच लाख गोळे, बाँब व अग्निबाण डागले. तोलोलिंगच्या कड्यावर शत्रूवाचून दुसरे कोणी राहत नव्हते. बंडखोर मात्र गावात राहतो, तेथेच जेवतो, प्रसंगी तेथेच नांगर धरतो. त्याच्यावर तोफ डागावी काय, हा प्रश्न मग नेमबाजीचा उरत नाही.

व्हिएतनाममध्ये अमेरिकी तोफा रात्री-बेरात्री गोळे टाकीत. शत्रू दिसला म्हणून नव्हे, तर या वाटेने तो जात असेल म्हणून. ‘असेल’ या शब्दावर किती शेते उकरली गेली! त्यांतले न फुटलेले गोळे व्हिएतकाँग उचलून नेत आणि त्यांचेच सुरुंग करून अमेरिकी पायदळाच्या वाटेत पुरत.

पुढे उपग्रहाच्या आधारे दिशा धरणारा एक्सकॅलिबर गोळा आला. २००७ साली इराकमध्ये तो प्रथम वापरला गेला. तो लक्ष्याच्या अगदी जवळ पडतो, हे मान्य. पण त्या घरात कोण आहे, हे उपग्रह सांगत नाही. ते कोणी खबऱ्या सांगतो, आणि खबऱ्याचे शेजाऱ्याशी बांधावरून भांडण असू शकते.

आपल्या देशानेही १९६६ च्या मार्चमध्ये ऐजॉलवर विमानांतून मारा केला, आणि मिझो माणूस तो विसरलेला नाही. काश्मीरच्या खोऱ्यात मात्र वस्तीवर तोफा न चालवण्याचे पथ्य लष्कराने सर्वसाधारणपणे पाळले. (वेढलेले घर स्फोटकांनी उडवले जाते, हे येथे लपवून चालणार नाही.) १९९० साली उभ्या राहिलेल्या राष्ट्रीय रायफल्समध्ये तोफखान्याचे जवानही येतात, आणि तोफ मागे ठेवून, रायफल घेऊन दारोदार फिरतात.

या पथ्याची किंमत कोण मोजतो? तोफ थांबली की उंबरठ्याशी जवान जातो, आणि आतून येणारी पहिली गोळी त्याला लागते. गावकऱ्यावरचा धोका उचलून आपण तो जवानाच्या अंगावर टाकतो. तरीही हे पथ्य आम्हांला योग्य वाटते. ज्या गावाला राज्यसंस्था आपले म्हणते, त्या गावातल्या निरपराध माणसाने तिच्या सोयीसाठी मरावे, हे तिला मागता येत नाही. जवानाने निदान शपथ घेतलेली असते.

आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे. येथून शिकून गेलेली मुले त्या उंबरठ्यांवर उभी राहिली आहेत, आणि काही परतली नाहीत. त्यांच्या आईसमोर बसून वरचा परिच्छेद आम्हांला वाचून दाखवता येईल काय? लिहिताना लेखणी अडली ती येथेच.