पाहणं आणि दर्शन

शिरोळ तालुक्यातलं नृसिंहवाडी आणि खिद्रापूर एका दिवसात, मार्गदर्शकाबरोबर बघून परतणाऱ्याला यात्रेकरू म्हणावं का? माझ्या मते जरूर म्हणावं. ‘दर्शन’ हा शब्दच पाहण्याच्या धातूतून आला आहे, आणि खिद्रापूरचं कृष्णाकाठचं शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर आधी डोळे मागतं. स्वर्गमंडपाच्या गोल उघड्या छतातून आकाश थेट आत उतरतं. शिवालय असून समोर नंदी नाही, हे कुणी दाखवल्याशिवाय अनेकांच्या ध्यानातही येत नाही. तो नदीपलीकडे यडूरला आहे, असं लोक मानतात. बाहेरच्या गजपीठावरचे कितीतरी हत्ती भंगलेले आहेत.

श्रद्धेवाचून पाहणं ही नुसती करमणूक, असा आक्षेप येतो. तो पोकळ नाही. पण शिल्पाकडे मान वर न करता रांगेतून उरकलेला नमस्कार तरी कुठे पुरा पडतो? दोष घाईचा आहे, वाटाड्याचा नव्हे. दुसरा आक्षेप भग्नतेचा: खंडित मूर्ती पूजेत ठेवू नये, असा संकेत आहे. तरीही तुटलेल्या हत्तींच्या वेढ्यात कोपेश्वराची पूजा आजही चालते. पडझडीप्रमाणेच पूरही भक्तीला अडवत नाही: नृसिंहवाडीला तर पुराचं पाणी दत्ताच्या पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारानं बाहेर पडतं, तेव्हा त्याच प्रवाहात स्नानाला भाविकांची गर्दी होते.