सगळे धरून

बाजारात भाव विचारण्याची आपली एक जुनी रीत आहे. वस्तू हातात घेऊन, तिला दोनदा उलटसुलट करून, शेवटी आपण विचारतो, "सगळं धरून किती?" या तीन शब्दांत आपल्यासारख्या मध्यमवर्गीयांचे सारे तत्त्वज्ञान सामावले आहे असे मला वाटते. हमालीचे वेगळे, बांधणावळीचे वेगळे, असे मागाहून कोणी काही काढू नये. एकदा काय ते द्यावे आणि मोकळे व्हावे, ही त्या प्रश्नामागची इच्छा. यातला 'मोकळे व्हावे' हा भाग महत्त्वाचा. गेल्या फेब्रुवारीत देवबागेला हाच प्रश्न मी एका होडीवाल्याला विचारला. त्याने भाव सांगितला, मी तो चुकताही केला; पण मोकळा काही झालो नाही. ते असे का झाले, हेच या लेखात पाहायचे आहे.

देवबाग मालवणच्या दक्षिणेस आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मध्ये माडांनी गच्च भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तेथे नदी समुद्राला मिळते. त्या संगमाजवळून पर्यटकांच्या होड्या निघतात. आम्ही घरचे नऊजण होतो. होडीवाल्याने दिवसाचा बेत मांडला : सकाळी खोल पाण्यात डॉल्फिन, मग भोगव्याच्या पुढे, निवतीच्या किल्ल्याच्या अलीकडे, रस्ता पोहोचत नाही असा खडकांच्या कुशीतला एक किनारा, तेथे त्याच्या घरून आलेले जेवण, चहा, आणि उन्हे उतरली की परत.

"सगळा धरून माणशी अठराशे," तो म्हणाला.

मी १६०० वर आणले. दोनशे रुपये सोडताना त्याने क्षणभर समुद्राकडे पाहिले आणि मान हलवली. आपण व्यवहारात अगदीच कच्चे नाही, याचा मला जो आनंद झाला, तो आज आठवला की ओशाळल्यासारखे होते.

डॉल्फिन दिसले नाहीत. तास दीड तास होडी इकडून तिकडे फिरली. पाण्यावर कुठे काळे काही उमटले की आम्ही सगळे एका बाजूला झुकत होतो आणि तो आम्हांला ओरडून जागेवर बसवत होता. शेवटी माझ्या मेहुण्यांनी विषय काढलाच. डॉल्फिन ठरले होते, ते मिळाले नाहीत, तेव्हा तेवढे पैसे कमी व्हावेत. होडीवाला हसला. म्हणाला, "डॉल्फिन काय माज्या दावणीक बांधलेले नाय, साहेब."

आम्हीही हसलो, पण त्या उत्तरात फार मोठे सत्य होते. त्याने आमच्या यादीत ज्या ज्या गोष्टी घातल्या होत्या, त्यांतल्या किती त्याच्या मालकीच्या होत्या? होडी त्याची, डिझेल त्याचे, सुरमई त्याने विकत घेतलेली. परंतु डॉल्फिन, फेब्रुवारीचे शांत पाणी, तो किनारा आणि आमच्यासारख्यांना हवा असतो तो एकान्त, हे सारे त्याचे नव्हतेच. किनाऱ्यापर्यंत नेण्याचे पैसे त्याने घेतले. किनाराच आपला झाला, असे आम्ही समजून बसलो.

किनारा मात्र खरोखरच सुंदर होता. दोन बाजूंना खडकांच्या सोंडा, मध्ये अर्धचंद्रासारखी वाळू, मागे डोंगराचा उतार. वाळूवर आमच्याखेरीज एकही पाऊल नव्हते. होडीवाल्याने सामान उतरवता उतरवता उजवीकडे बोट दाखवले. "त्या खडकाकडे पोरांका सोडू नका. थय पान्याक ओढ आसा." मग तो आणि त्याच्याबरोबरचा पोरगा दगडांची चूल मांडू लागले. मुलगी मला म्हणाली, "बाबा, जरा याच्याकडे लक्ष ठेवा." हा म्हणजे माझा नऊ वर्षांचा नातू. होडीत अंगात घातलेले जॅकेट त्याने वाळूवर उतरताच काढून फेकले होते.

अर्ध्या तासाने दुसरी होडी आली. तिच्यातून दहाबारा माणसे उतरली. कोणी गाणी लावली, कोणी चेंडू काढला. मला मनापासून राग आला. आम्ही पैसे मोजून मिळवलेला एकान्त हे लोक फुकट नासवीत आहेत, असे वाटले. त्यांनीही तितकेच पैसे मोजले असतील, आणि त्यांच्या दृष्टीने एकान्त नासवणारे आम्ही, हे तेव्हा सुचले नाही. मी त्यांच्याकडे पाहत राहिलो. ज्याच्याकडे पाहायचे होते, त्याच्याकडे पाठ झाली.

पुढचे सगळे दोनचार मिनिटांत घडले. थाळ्या खणखणल्याचा आवाज आला म्हणून मी वळलो, तो होडीवाला पाण्याकडे धावत होता. वाढायला घेतलेल्या थाळ्या वाळूत पडल्या होत्या. खडकाजवळ पाण्यावर एक डोके दिसत होते, मग दिसेनासे झाले. तो लाटेत शिरला, आडवा पोहत ओढीच्या बाजूने गेला, आणि पोराला बगलेत धरून दूरच्या अंगाला वाळूवर आला. पोर खोकत होते, रडत होते; म्हणजे श्वास चालू होता. माझे पाय हलेनात. दुसऱ्या होडीतल्या एक बाई धावत आल्या. त्यांनी आपला टॉवेल त्याच्याभोवती गुंडाळला, त्याला मांडीवर घेतले आणि तो थरथरायचा थांबेपर्यंत त्याची पाठ चोळत राहिल्या. त्यांचे नावसुद्धा मी विचारले नाही.

"काय नाय झाला," होडीवाला धापा टाकत म्हणाला. "नाकात पानी गेला, येवढाच. आता जेवक बसा, सुरमय थंड होतली."

आणि त्याने वाळूतल्या थाळ्या उचलून धुवायला घेतल्या.

संध्याकाळी देवबागेला उतरल्यावर ठरलेले पैसे दिले आणि वर पाचशेच्या दोन नोटा त्याच्या हातात ठेवल्या. त्याने त्या घेतल्या, घडी करून खिशात टाकल्या, "बरा," म्हणाला आणि होडी बांधायला वळला. मला हायसे वाटले. छातीवरचे ओझे उतरल्यासारखे झाले. आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला भीती वाटली ती त्या हायसे वाटण्याचीच. मी ते हजार रुपये कशासाठी दिले? त्याला आनंद व्हावा म्हणून, की मला मोकळे होता यावे म्हणून? सकाळी 'सगळं धरून किती' विचारणारा माणूसच संध्याकाळी ते देत होता. एक बाब धरायची राहून गेली होती, ती त्याने धरून टाकली. हजाराऐवजी दहा हजार दिले असते तर हिशेब बरोबर आला असता काय? आणि येत नसेल, तर मुळीच देऊ नयेत काय?

मेहुण्यांपुढे मी हे बोललो. ते हिशेबी खरे, पण विचारी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "उगाच मनाला लावून घेऊ नका. होडीत घेतलेल्या माणसांची काळजी घेणं हे त्याचं कामच आहे. आपल्याजागी दुसरं कोणी असतं तरी तो धावलाच असता."

हा आक्षेप वाटतो तितका साधा नाही आणि तो फार जुनाही आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेनेका या रोमन तत्त्ववेत्त्याने उपकारांविषयी एक ग्रंथ लिहिला. वैद्याला आणि शिक्षकाला आपण पैसे देतो, मग त्यांचे ऋण उरते का, असा प्रश्न त्यात आहे. उरते, असे तो म्हणतो. आपण त्यांच्या श्रमाचे मोल देतो. त्यांनी दिलेल्या गोष्टीचे मोल त्याहून फार मोठे असते. येथवर मी सेनेकाचा हात धरून चालतो. परंतु त्याच ग्रंथात तो एका नावाड्याची हकीकत सांगतो. प्लेटो नदी उतरून गेला, नावाड्याने उताराचे पैसे मागितले नाहीत. प्लेटोला वाटले, हा आपला खास मान. त्याने ऋण मान्य केले. थोड्या वेळाने पाहतो तो नावाडी इतरांनाही फुकटच उतरवतो आहे. तेव्हा प्लेटो म्हणाला, आता माझ्यावर ऋण नाही. सेनेकाचे मत प्लेटोसारखेच आहे. जे सगळ्यांना मिळते ते खास मला दिलेले नव्हे, आणि जे खास मला दिलेले नाही त्याचे ऋण मी एकट्याने का मानावे?

मेहुण्यांचे म्हणणे नेमके हेच होते. तर्कात मला खोट काढता येईना, पण मन मानेना. होडीवाला कोणाच्याही पोरासाठी धावला असता, हे खरे. त्या बाईंनी कोणाच्याही पोराला टॉवेल गुंडाळला असता, हेही खरे. म्हणून माझे ऋण कमी होते की वाढते? तो माझ्या नातवासाठी, मी दिलेल्या पैशांसाठी धावला असता, तर त्याचे काही मोल ठरवता आले असते. तो 'कोणासाठीही' धावला. ज्या दोनशे रुपयांसाठी मी घासाघीस केली, ते त्याने मनात ठेवले असते तरी तो धावला असता. अशा ऋणाला परतफेडीचा पत्ताच नसतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे किनाऱ्यावर फिरायला गेलो, तर रापण ओढणे चालले होते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांबलचक जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि त्याचे दोन्ही दोर वाळूवर उभी राहिलेली माणसे ओढत आणतात. यांत्रिक बोटींची मोठी जाळी आल्यापासून रापणीला पूर्वीसारखी मासळी लागत नाही. तरी चाल अजून टिकून आहे. दोरावर आमचा होडीवालाही होता. त्याने मला पाहून मान हलवली. नातू माझ्याबरोबर होता. पाण्याजवळ जायला तो बिचकत होता. पण सगळे 'हैशा' करीत आहेत हे पाहून तोही शेपटाकडे जाऊन दोर धरून मागे रेलू लागला. मीही धरला. आमच्या दोघांच्या जोराने जाळे बोटभरही सरकले नसेल.

जाळे वर आले. ढीग घातले गेले. होडीवाल्याने आठदहा बांगडे नातवाच्या टोपीत टाकले. माझा हात सवयीने खिशाकडे गेला.

"आवो, पैशे कसले?" तो म्हणाला. "पोरान दोरी ओढली मा? वाटो तेचो."

वाटा! आदल्या दिवशी आम्ही त्याच्या दरात होतो. आज त्याच्या वाटणीत आलो. दोराला ज्याचा हात लागला त्याला काहीतरी मिळायचेच. त्याने किती जोर लावला, याचा काटा कोणी लावत नाही. 'सगळे धरून' हे शब्द मी जन्मभर वस्तूंसाठी वापरले. त्या वाळूवर ते माणसांसाठी वापरलेले पाहिले.

शतपथ ब्राह्मणात माणूस जन्मतःच ऋणी असतो असे सांगितले आहे. देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे अशी तीन ऋणे आपल्या तोंडी असतात. तेथे चौथेही आहे, ते मनुष्यऋण. आणि माणसांना आसरा व अन्न देऊन ते फेडावे, असे म्हटले आहे. ज्याने मला दिले त्यालाच परत करावे, असा त्यात आग्रह नाही. माणसांकडून घेतले, माणसांना द्यावे. प्लेटोच्या नावाड्याचे कोडे मला तेथे सुटल्यासारखे वाटते. नावाड्याने सगळ्यांना उतरवले, म्हणून ऋण संपले नाही. ते सगळ्यांच्या नावावर पसरले. आता दुसऱ्या कोणाचे पोर पाण्याच्या कडेला असेल, तेव्हा माझी पाठ तिकडे नसावी, हा त्याचा पहिला हप्ता.

मात्र या विचाराचा एक दुरुपयोग होण्यासारखा आहे, आणि आपण सुशिक्षित माणसे त्यात तरबेज आहोत. "तुमच्या सेवेचं मोल कसं करणार?" असे म्हणून मोल बुडवणारे लोक मी पाहिले आहेत. जून-जुलै मासेमारी बंद असते, पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्याही ओढून ठेवलेल्या असतात. त्या दिवसांत होडीवाल्याची चूल आमच्या कृतज्ञतेवर पेटत नाही. तेव्हा ते हजार रुपये मी दिले ते योग्यच केले. ते कापलेले १८०० रुपयेही पुरते द्यायला हवे होते. चूक देण्यात नव्हती. दिल्यावर 'फिटले' असे वाटण्यात होती. दाम चोख द्यावा, आणि दाम दिल्यावरही काही उरले आहे हे विसरू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

दिवाळीत हे आपल्याला निराळे शिकवावे लागत नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतात, जुनी खाती मिटवून नवी मांडतात. दोनच दिवसांनी भाऊबीज येते. बहीण ओवाळते, भाऊ ताटात काही घालतो. तेही पैसेच असतात. पण ताटात ओवाळणी घालून आजवर कोणत्या भावाने म्हटले आहे, की चला, बहिणीचे फिटले? ते खाते उघडे राहावे म्हणूनच तर ती ओवाळणी असते.

या वर्षी आमच्याकडून फराळाचा एक डबा देवबागेला जातो आहे. नातवाने त्यात स्वतः रंगवलेली एक पणती घातली. डबा बांधताना त्याने विचारले, "आजोबा, आता आपलं फिटलं का?"

"नाही रे," मी म्हटले, आणि दोरा घट्ट बांधायला त्याचे बोट गाठीवर धरायला सांगितले.