वनाची नोंद कोणाच्या वहीत?

चिरनेरच्या हुतात्मा स्मारकापुढे उभे राहिले की एक प्रश्न मनातून जात नाही. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर माणसे जमली ती वनावरील आपल्या हक्कासाठी. गोळीबारात आठ जण हुतात्मे झाले. त्यांत नवश्या महादेव कातकरी होते. ज्या वनासाठी ते मेले ते बेवारस नव्हते. कायद्याने ते सरकारची मालमत्ता म्हणून रीतसर राखलेले होते.

आज सुज्ञ माणसे सांगतात, की सार्वजनिक मालमत्तेच्या नियोजनात रस्ते, पूल, इमारती यांच्याबरोबर डोंगरउतारावरील झाडी, तलाव, ओढे आणि खाजणातील तिवरे यांचीही गणना व्हावी. म्हणणे रास्त आहे. वहीत असलेल्या रस्त्याच्या डागडुजीला पैसा मंजूर होतो. खारभूमीच्या बांधालाही कधी ना कधी मिळतो. परंतु त्या बांधापुढे उभी राहून लाटेचा जोर मोडणारी तिवरांची झाडी खर्चाच्या सदरात क्वचितच आढळते. ती तुटली तरी हिशोबात तूट दिसत नाही. दिसते ती खारे पाणी भातशेतात शिरल्यावर.

तरीही मन कचरते. देवाच्या निर्मितीला मालमत्ता म्हणावे काय? ज्याची किंमत मांडली त्याचा सौदाही होऊ शकतो. आणि चिरनेरचा इतिहास तर सांगतो, की सरकारी वहीत गेलेले वन गरिबाच्या हातून गेले.

उत्तर मला लूकच्या शुभवर्तमानातील कारभाऱ्याच्या दृष्टान्तात सापडते. धनी हिशोब मागतो तेव्हा कारभारी मालक ठरत नाही. उलट, तो मालक नाही हेच त्या हिशोबाने सिद्ध होते. उत्पत्तीच्या पुस्तकात मनुष्याला बाग मिळाली ती मशागतीसाठी व राखणीसाठी. म्हणजे नोंद करणे हे पाप नव्हे; धन्याच्या थाटात नोंद करणे हे पाप. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात धरतीचा आणि गरिबांचा आक्रोश एकत्र ऐकावयास सांगितले, ते याचसाठी.

म्हणून नोंद जरूर व्हावी. पण तीत किमतीच्या रकान्याआधी दोन रकाने असावेत: याची राखण कोणी करावयाची, आणि यावर कोणाचे पोट चालते? २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार गावोगावी लोकांच्या सहभागाने जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. ती कचेरीत बसून लिहू नये. कातकरवाडीतल्या म्हातारीला विचारून लिहावी. हिशोब मागणारा धनी वर आहे, आणि तो त्या म्हातारीचीही साक्ष काढील.