शिफारसपत्र आणि साक्ष

वाचन : करिंथकरांस दुसरें पत्र, अध्याय 3, ओंव्या 1 ते 3, आणि फिलेमोनास पत्र.



परीक्षांचे निकाल लागले कीं आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक निराळी धांदल सुरू होते. कोणाची मुलगी परिचारिकेच्या शिक्षणासाठीं अर्ज करते, कोणाचा मुलगा अध्यापक विद्यालयासाठीं. गुणपत्रिका लागते, जन्माचा दाखला लागतो. आणि पुष्कळ ठिकाणीं असेंही लिहिलेलें असतें कीं, अर्जदारास चांगलें ओळखणाऱ्या दोघांचीं पत्रें जोडावीं, त्यांपैकीं एक मंडळीच्या पाळकाचें असावें. मग रात्रीं जेवणाच्या वेळीं उपदेशकाच्या दाराची कडी वाजते. "मास्तर, उद्यां पहांटेच्या गाडीनें जायचें आहे, तेवढें पत्र लिहून द्या." मास्तर कंदिलाजवळ बसतात आणि चार ओळी खरडून देतात. देणाऱ्यास वाटतें उपकार केला. घेणाऱ्यास वाटतें काम झालें. पण ह्या चार ओळी म्हणजे साक्ष आहे, आणि खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आपण लहानपणापासून पाठ केली आहे.

शास्त्रांत अशा पत्रांविषयीं पुष्कळ सांगितलें आहे. शौल दिमिष्कास निघाला तेव्हां त्याच्या हातीं मुख्य याजकाचीं पत्रें होतीं. मोहोर मोठी होती, काम मात्र छळाचें होतें. पुढें तोच शौल यरुशलेमेंत आला तेव्हां शिष्यांना त्याचें भय वाटलें. त्या वेळीं त्याच्यापाशीं कोणतेंही पत्र नव्हतें. एक बर्णबा मात्र त्याला हातीं धरून प्रेषितांकडे घेऊन गेला आणि वाटेंत काय घडलें तें त्यानें स्पष्ट सांगितलें. पौलानेंही पुढें किंख्रियाच्या मंडळीची सेविका फिबी हिच्याविषयीं रोमकरांस लिहिलें. तिनें पुष्कळांस साहाय्य केलें होतें, हें कारणही दिलें.

परंतु सर्वांत उत्तम नमुना फिलेमोनाच्या पत्रांत आहे. अनेसिम हा पळून गेलेला दास. पौल त्याची शिफारस करतो, पण त्याचा मागचा दोष झांकीत नाहीं. तो पूर्वीं निरुपयोगी होता हें कबूल करतो, आतां पालटला आहे हें सांगतो, आणि त्याचें कांहीं देणें असेल तर तें मी फेडीन असें स्वहस्तें लिहितो. खरें शिफारसपत्र तें हेंच. त्यांत सत्य आहे, प्रेम आहे, आणि लिहिणारा स्वतः जामीन राहिला आहे.

आतां माझ्या स्वतःच्या अपराधाची गोष्ट सांगतों. मी नवा उपदेशक होतों त्या दिवसांत मंडळीच्या एका वजनदार वडिलांनीं आपल्या मुलासाठीं पत्र मागितलें. त्याला एका इस्पितळांत औषधें देण्याचें काम शिकावयाचें होतें. शब्बाथ शाळेच्या वर्गणीचा हिशेब त्या मुलाकडे होता, आणि त्यांतील कांहीं पैसे नाहींसे झाले होते, हें मला ठाऊक होतें. तरी वडिलांची भीड पडली. "हा तरुण सत्यवादी व विश्वासू आहे," असें मीं लिहिलें व खालीं सही केली. वर्षभरांत तेथील औषधांच्या कोठीचा मेळ बसेना, आणि मुलगा परत घरीं आला.

एवढ्यावर संपलें असतें तर एका घराचीच लाज झाली असती. दुसऱ्या वर्षीं आमच्या गांवांतील एका विधवेच्या मुलीनें त्याच इस्पितळाच्या परिचारिका-शाळेकडे अर्ज केला. आजारी आजीची सेवा तीन वर्षें करीत तिनें शाळा पुरी केली होती. तिच्याविषयीं मीं लिहिलेला शब्द न् शब्द खरा होता. उत्तर आलें कीं, ह्या गृहस्थाचें पत्र आम्हांस पुरेसें वाटत नाहीं, दुसऱ्या कोणाचें पाठवावें. तोंवर मुदत निघून गेली होती. मुलीनें तें वर्ष दुसऱ्यांच्या शेतांत खुरपणी करून काढलें. तिच्या आईच्या ओसरीवर बसून मला सगळी हकीगत सांगावी लागली. त्या माउलीनें मला दोष दिला नाहीं, एवढेंच म्हणाली, "मास्तर, तुमची सही आमच्या कामाला येईल असें आम्हांला वाटलें होतें." नंतर मीं त्या इस्पितळास आपला अपराध कळविला आणि गांवच्या हेडमास्तरांस मुलीसाठीं विनंती केली. पुढच्या वर्षीं तिला जागा मिळाली. पण गेलेलें वर्ष मी परत देऊं शकलों नाहीं.

म्हणून, उपदेशक बंधूंनो, पत्र लिहितांना इतकें पाळा. अर्जदारास किती वर्षें व कोणत्या नात्यानें ओळखतां तें आधीं लिहा. डोळ्यांनीं पाहिलें तेंच लिहा. सद्गुणांच्या दहा विशेषणांपेक्षां पाहिलेली एक गोष्ट अधिक बोलते. "ही मेहनती आहे" म्हणण्यापेक्षां "हिनें आजीची सेवा करून शाळा पुरी केली" असें लिहावें. ज्या उणिवेनें रोग्याचें किंवा मुलांचें नुकसान होईल ती झांकूं नका. शिफारस करणें मनास पटत नसेल तर तोंडावर, एकांतांत आणि प्रीतीनें तसें सांगा. बापाशीं भांडण आहे किंवा वर्गणी थकली आहे म्हणून योग्य लेंकराचें पत्र अडवूं नका. आणि पत्राबद्दल पैसा, कोंबडी किंवा अंडीं घेऊं नका.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही सांगणें आहे. मोठ्या हुद्द्याच्या अनोळखी माणसाच्या दारीं जाऊं नका; तुमचें काम ज्यानें पाहिलें आहे त्याच्याकडे जा. महिनाभर आधीं जा. संस्थेचें नांव, अभ्यासक्रम, शेवटची तारीख आणि तुमचे गुण एका कागदावर लिहून द्या. आपणच पत्र लिहून त्यावर नुसती सही मागूं नका. पत्र बंद पाकिटांत मागितलें असेल तर तें उघडूं नका. परदेशांतील पुष्कळ विद्यालयें तर आतां तें लिहिणाऱ्याकडूनच संगणकाद्वारें थेट मागवितात. कोणी नकार दिला तर राग धरूं नका. आणि निकाल लागल्यावर, जागा मिळो वा न मिळो, पत्र देणाऱ्यास जाऊन सांगा.

ज्याच्यामागें मोठीं माणसें नाहींत त्यानें खचून जाऊं नये. आनंदीबाई जोशी ह्यांची गोष्ट आठवा. त्यांच्या शिक्षणासाठीं गोपाळरावांनीं 1878 सालीं वाइल्डर मिशनरींस पत्र लिहिलें. आलेलें उत्तर उत्तेजन देणारें नव्हतें, हें आपण मिशनच्या लोकांनीं नम्रपणें कबूल केलें पाहिजे. परंतु तो पत्रव्यवहार मासिकांत छापला गेला, आणि अमेरिकेंतील कार्पेंटरबाईंच्या वाचनांत येऊन त्यांचें मन द्रवलें. 1883 सालीं आनंदीबाई त्यांच्याच घरीं उतरल्या. तेथून 28 जून रोजीं, वयाच्या 18 व्या वर्षीं, त्यांनीं पेनसिल्व्हानियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास स्वतः अर्ज लिहिला. आपली तयारी सर्व अटींस पुरी पडणार नाहीं हें त्यांनीं लपविलें नाहीं. आप्तांचा व जातीचा विरोध सोसून आपण आलों, आणि पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षां मरण पत्करणाऱ्या आपल्या भगिनींस औषधोपचार मिळावा म्हणून आलों, एवढें सांगितलें. त्यांना प्रवेश मिळाला, आणि 11 मार्च 1886 रोजीं त्या डॉक्टर झाल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. रोग्यांची सेवा करण्यास त्यांना अवधि मिळाला नाहीं. त्या आपल्या मंडळीच्या नव्हत्या, आणि हिंदु म्हणून जाऊन हिंदु म्हणूनच परत येईन असें त्यांनीं निघण्यापूर्वीं श्रीरामपुरास उघड सांगितलें होतें. तरी सत्य बोलून दार ठोठावण्याचा धडा आपण त्यांच्याकडून घ्यावा.

शेवटीं पौलाच्या शब्दाकडे येऊं. त्यानें करिंथकरांस विचारलें कीं, आम्हांस शिफारसपत्रांची गरज आहे काय? तुम्हीच आमचें पत्र आहां, आणि तें सर्व लोक वाचतात, असा त्याचा भाव आहे. कागदावरचें पत्र शाळेच्या दारापर्यंत पोंचवितें. दारांतून आंत गेल्यावर रात्रपाळींत, परीक्षेच्या दालनांत आणि गरीब रोग्याच्या खाटेजवळ तुमचें वर्तन हेंच पत्र वाचलें जाईल. त्याच्या खालीं तुमच्या मंडळीची सही असेल, आणि तुमच्या मागून अर्ज करणाऱ्या खेड्यांतील प्रत्येक मुलामुलीचा मार्ग त्यावर अवलंबून राहील.

ह्या आठवड्यांत ज्यांच्याकडे पत्र मागितलें जाईल त्यांनीं लेखणी उचलण्यापूर्वीं क्षणभर प्रार्थना करावी. देव आपल्या हातांस सत्य आणि अंतःकरणास प्रीति देवो. आमेन.