प्रारब्ध आणि सिसप्लाटिन

भाच्याच्या छातीत, दोन फुप्फुसांच्या मधे, जर्म सेल, म्हणजे जननपेशींचा, ट्यूमर निघाला. वन्सं म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं, दुसरं काय!" मला पटेना. गर्भात जननपेशी आपल्या जागी जाताना काही वाटेतच राहतात, असं मानतात. त्यात पोराचा काय गुन्हा? आरोप न सांगता शिक्षा, हा कुठला न्याय?

डॉक्टर त्या फंदात पडले नाहीत. केमोतलं ब्लिओमायसिन हे औषध फुप्फुसांना बाधतं, पुढे छातीचं ऑपरेशन आहे. म्हणून त्याऐवजी आयफॉस्फमाइड, सोबत इटोपोसाइड, सिसप्लाटिन. पुढे मूल हवं असेल तर आधी वीर्य गोठवून ठेवा, म्हणाले. वन्संनी पदर तोंडाला लावला. भाचा निमूट फॉर्म भरत होता.

1974 मध्ये अमेरिकेत डॉ. आइनहॉर्न यांनी जननपेशींच्याच, वृषणाच्या कॅन्सरवर आधीच्या औषधांना याच सिसप्लाटिनची जोड देऊन पाहिली, तीही प्रारब्धातच होती का? वन्सं म्हणतात, "असणारच." यावर काय बोलणार!